कातळूच्या शेपटाची नोंद

एका जंगलात वाघ राज्य करत होता, असं म्हणतात. त्याला कोणी पाहिलेलं नव्हतं. ओढ्याकाठच्या चिखलात एकदा एक पंजा उमटलेला सापडला होता. तेवढ्यावर सगळे त्याला राजा मानत. मुलांनो, मोठ्यांचं असंच असतं. त्यांचा नुसता पंजा पुरतो. छोट्यांचं वेगळं असतं. तीच गोष्ट सांगतो.

हे जंगल एका उंच डोंगरावर पसरलं होतं. त्या डोंगरावर जीव फार. एक दगड उलटावा तर खाली तीन तऱ्हेचे विंचू. एक फांदी हलवावी तर पाच तऱ्हेचे बेडूक टपाटप खाली. कोण कुठल्या जातीचा, हे कोणी कोणाला विचारत नसे. विंचवाला आपण विंचू आहोत हे ठाऊक होतं. त्याच्या वाटेला जाणाऱ्यालाही ते लगेच कळत होतं. यापेक्षा जास्त माहितीची कोणाला गरज पडली नव्हती.

मग शेजारच्या डोंगरावरून बातमी आली. तिथे म्हणे जीवांची मोजणी झाली आणि वहीत नऊशे जाती भरल्या.

राजाचा मेव्हणा होता तरसराव. राजा दिसत नसल्यामुळे कारभार तोच बघायचा. त्याला ही बातमी झोंबली. त्यांच्याकडे धड सावली देणारं झाड नाही, आणि नऊशे जाती कुठून आल्या, असं तो दिवसभर म्हणत राहिला. संध्याकाळी त्याने राजाच्या नावाने हुकूम काढला. हुकमावर पंजा उमटवला. पंजा तरसाचा होता, पण तेवढं जवळ जाऊन बघण्याची कोणाची छाती नव्हती.

हुकूम असा होता. डोंगरावरच्या सगळ्या जाती मोजून वहीत लिहाव्यात. वहीत ज्याचं नाव, त्याची राहती जागा कायम. ज्याचं नाव नाही तो पाहुणा. पाहुण्यांनी मोजणी संपली की आपापल्या घरी जावं.

आपापलं घर कुठलं, ते हुकमात लिहिलं नव्हतं.

मोजणीच्या कामावर साळिंदररावांची नेमणूक झाली. त्यांच्यापेक्षा लायक कोणी नव्हतंच. लेखण्या अंगावरच होत्या. एक बोथट झाली की दुसरी उपटायची. शाई जांभळांची. त्यांच्या हाताखाली उदमांजरीण सुगंधाबाई. तिचं काम वास घेणं आणि बाटल्या उचलणं. बाटल्या जंगलातच मिळाल्या. सहलीला आलेली माणसं त्या टाकून जात. त्यांत मोहाची दारू भरली, की त्यात ठेवलेला जीव वर्षानुवर्षं नासत नाही. बाटल्यांवर पहारा करायला एक वानर ठेवलं होतं. त्या वानराने मोजणीचं काम फार मन लावून केलं. फक्त बाटल्यांतली पातळी रोज थोडी उतरायची.

साळिंदरराव वाईट नव्हते, मुलांनो. हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर तुम्ही उगाच त्यांच्यावर दगड उचलाल. ते खरोखर सज्जन होते. कधी खोटं लिहायचे नाहीत. लाच घ्यायचे नाहीत. त्यांचा एकच नियम होता. ठसा, विष्ठा किंवा नमुना. या तिन्हींतलं एक काहीतरी समोर असेल तर लिहायचं, नसेल तर नाही. 'मी पाहिलंय', 'मला माहीत आहे', 'आमच्या आजोबांपासून आम्ही इथेच', असलं काही ते वहीत घेत नसत.

गव्याने ठसा दिला. ठशात बसून दोन बेडकांनी आपलीही नोंद करून घेतली. अस्वलाने दुसऱ्या प्रकारचा पुरावा दिला आणि तो इतका दिला की सुगंधाबाईंनी दोन दिवस रजा घेतली. पण बारक्या जीवांचं काय? त्यांचे ठसे उमटत नाहीत, बाकीचं वारा उडवून नेतो. त्यांना नमुनाच द्यावा लागे. नमुना म्हणजे त्या जातीतला एक जण, मेलेला, बाटलीत. जिवंत चालत नसे. जिवंत हलतो, आणि हलणाऱ्याची लांबी नीट लागत नाही, असं साळिंदररावांचं म्हणणं.

आता पालींकडे येऊ.

डोंगराच्या उगवतीला एक उभा कडा होता. त्याच्या कपारींत पाली राहत. घरातल्या भिंतीवरच्या नव्हेत, दगडावरच्या. अंगाचा रंग दगडाचा, पोट पिवळं, शेपूट जाडजूड. त्या कड्याशिवाय ही पाल जगात कुठेच नव्हती. पालींना याचा अभिमान नव्हता, कारण जगात बाकी काय आहे हेच त्यांना माहीत नव्हतं.

तिथे दोन भाऊ होते. थोरला कातळू, धाकटा चिपळू. पालींत आई अंडी घालते आणि निघून जाते. तशीच रीत आहे, तिला बोल लावू नका. कातळू एक पावसाळा आधी अंड्यातून निघाला, म्हणून तो थोरला. चिपळू निघाला तेव्हा कपारीत कातळूच होता. त्यानेच त्याला दगडाला पाय कसा चिकटवायचा ते शिकवलं. कोणती मुंगी गोड, कोणती तोंड जाळते, ते शिकवलं. कपारीतली आतली, उबेची बाजू चिपळूची आणि वाऱ्याची बाजू कातळूची, हे कोणी ठरवलं नव्हतं. ते तसं होतं.

एक गोष्ट कातळूने शंभर वेळा सांगितली होती. भर दुपारी उघड्या दगडावर झोपू नकोस.

चिपळू एके दुपारी उघड्या दगडावर झोपला.

तुम्ही भारद्वाज पाहिला असेल. तांबडे पंख, काळं अंग, लाल डोळा. सकाळी दिसला की माणसं खूश होतात, दिवस चांगला जाणार म्हणतात. पालींचं मत जरा निराळं आहे. भारद्वाज दगडावर उतरला आणि चालत चालत चिपळूकडे निघाला. चिपळू घोरत होता. तेवढ्यात कातळू मधे आला. पळाला नाही. पाठ फिरवून उभा राहिला आणि शेपूट डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे असं हलवायला लागला. जेवायला बसा म्हणून पाहुण्याला पाट दाखवावा, तसं.

भारद्वाजाने शेपूट धरलं. कातळूने ते सोडलं. पालीला ते येतं. तुटलेलं शेपूट दगडावर थुईथुई नाचलं, भारद्वाज त्याच्या मागे लागला, आणि दोघे भाऊ कपारीत.

आत गेल्यावर चिपळू हसला. दादा, तू मागून काकडीसारखा दिसतोस, म्हणाला. कातळूही हसला. म्हणाला, येईल परत, महिन्या-दोन महिन्यांत.

शेपूट परत येतं हे खरं आहे. पण पालीचं शेपूट म्हणजे तिची कणगी असते. खाऊन उरलेलं सगळं ती तिथे साठवते आणि उपासाच्या दिवसांत त्यावर जगते. ते दिवस नेमके वाऱ्याचे होते. कड्यावर किडा टिकत नव्हता. एखादा मिळाला तर कातळू म्हणायचा, तू खा, मला भूक नाही. चिपळू खायचा. त्याला वाटायचं, दादाला खरंच भूक नाही.

नवव्या दिवशी सकाळी कातळूचा पाय सुटला. पालीचा पाय कधी सुटतो का, मुलांनो? तुम्ही पाहिलाय? मीही नाही. पण सुटला. तो कड्याच्या पायथ्याशी पडला आणि उठला नाही.

पायथ्याशी साळिंदरराव डबा खात बसले होते. सकाळपासून त्यांना एकही नोंद मिळाली नव्हती. त्यांच्या पुढ्यात पाल पडली. त्यांनी वर बघितलं, खाली बघितलं, लेखणी उपटली आणि सुगंधाबाईंना म्हणाले, "बाटली काढा."

चिपळू कडा उतरून खाली येईपर्यंत कातळू बाटलीत होता. मोहाच्या दारूत. ज्याने जन्मात मोहाच्या फुलालाही तोंड लावलं नव्हतं, तो.

हसू नका. म्हणजे हसा, पण थोडं थांबून.

साळिंदररावांनी चिपळूचं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं. दुःख झालं म्हणाले. भाऊ गेला तरी जात वहीत राहील, असं समजावलं. असा ताजा नमुना हाती लागणं हे मोजणीचं भाग्य आहे, तेव्हा तूही अभिमान बाळग, असंही म्हणाले. मग त्यांनी नोंद मोठ्याने वाचली, म्हणजे घरच्यांनाही ऐकता येईल. लांबी दीड बोट. रंग दगडासारखा. पोट पिवळं. शेपूट नाही.

चिपळू म्हणाला, "साहेब, माझ्या दादाला शेपूट होतं."

"कुठे आहे?"

"भारद्वाजाने खाल्लं."

"म्हणजे नाही."

"आता नाही. पण होतं. माझ्यासाठी दिलं त्याने."

साळिंदररावांनी वही त्याच्यापुढे धरली. "बाळ, बघ. आहे, नाही. दोनच रकाने आहेत. 'होतं' असा रकानाच नाही. मी कुठे लिहू, तूच सांग."

चिपळू म्हणाला, वरती येऊन बघा, कड्यावर इतक्या पाली आहेत, सगळ्यांना शेपटं आहेत. साळिंदररावांनी मान हलवली. वरच्या पालींची अजून नोंद कुठे आहे? ज्यांची नोंद नाही त्यांच्यावरून नोंद झालेली पाल कशी ठरवायची? उलट, यापुढे या पालीवरून त्या तपासायच्या. पहिला नमुना हाच खरा. बाकीचे त्याच्यासारखे असतील तर त्याच्या जातीचे, नसतील तर दुसरे कोणी. ही मोजणीची जुनी पद्धत आहे आणि सगळ्या डोंगरांवर चालते.

चिपळूला राग आला. त्याला राग आला की तो विचार करत नसे. तो सरळ भारद्वाजाकडे गेला.

भारद्वाज करवंदीच्या जाळीत बसून पंख वाळवत होता. पाल आपल्या पायाने चालत समोर येऊन उभी राहिली, असं त्याच्या आयुष्यात प्रथमच होत होतं. त्याला कुठून सुरुवात करावी कळेना. चिपळू म्हणाला, मला नंतर खा, आधी साक्ष द्यायला चल.

"कसली साक्ष?"

"माझ्या दादाला शेपूट होतं याची. तू खाल्लंस ना?"

भारद्वाज जरा ओशाळला. "खाल्लं. चांगलं होतं. भरलेलं." मग त्याने विचारलं, "तुझा भाऊ कसा आहे?"

चिपळूने सांगितलं. भारद्वाजाने वाळवायला पसरलेले पंख मिटले. मग म्हणाला, चल.

तो आला, हे मी मुद्दाम सांगतो. गोष्टीत भारद्वाज वाईट असायला हवा होता. पण अख्ख्या डोंगरावर चिपळूबरोबर यायला तयार झालेला तो एकटाच.

साळिंदररावांसमोर त्याने स्वच्छ सांगितलं की शेपूट होतं आणि ते आपण खाल्लं. साळिंदररावांना आनंद झाला. नियमाने विष्ठा पुरावा धरता येत होती. त्यांनी विचारलं, ती कुठे आहे.

"ती?" भारद्वाज म्हणाला. "साहेब, नऊ दिवस झाले. ती काय मी जपून ठेवतो?"

सुगंधाबाईंनी तरी नाकाने शोध घेतला. करवंदीच्या जाळीखाली पुष्कळ सापडलं, पण त्यात कुठलं कोणाचं ते सांगता येईना. एका ढेकळात बेडकाचं हाड निघालं. त्यावरून एका बेडकाची नवी नोंद झाली. साळिंदररावांनी भारद्वाजाचे आभार मानले. पालीच्या बाबतीत मात्र साक्षीदाराने पुरावा पचवला, सबब साक्ष ग्राह्य नाही, असा शेरा मारला.

भारद्वाज उडून गेला. जाताना चिपळूला खायचं तो विसरला. विसरला म्हणू या.

पुढच्या आठवड्यात जातीचं बारसं झालं. नवी जात सापडली की तिला नाव द्यावं लागतं, आणि मोठ्या माणसाचं नाव दिलं की मोजणीला कोणी अडवत नाही. पालीला तरसरावाचं नाव मिळालं. बाटलीवर चिठ्ठी लागली: 'तरसरावाची बिनशेपटी पाल'. तरसरावाने भाषण केलं. आपलं नाव एवढ्या लहान जिवाला मिळालं हा त्या जिवाचा मोठेपणा आहे, वगैरे. कातळू हे नाव त्या दिवशी कोणी घेतलं नाही. चिपळूने मागून दोनदा घेतलं, पण टाळ्या चालू होत्या.

मग तपासणीची तारीख लागली. साळिंदरराव कड्यावर येणार. वर किती बिनशेपटी पाली आहेत ते मोजणार. ज्या नमुन्यासारख्या भरतील त्या राहतील. ज्या भरणार नाहीत त्या पाहुण्या.

कड्यावर सभा भरली. सगळ्यांत वयस्कर होती आत्या. ती कोणाची आत्या, हे तिलाही आठवत नव्हतं. तिने सगळ्यांकडे नजर टाकली. एवढी शेपटं, एवढी जाड, एवढी भरलेली. तिने उसासा टाकला. म्हणाली, तोडा.

कुजबुज झाली. कोणी म्हणालं, वाऱ्याचे दिवस आहेत, कणगी मोडून खायचं काय? कोणी म्हणालं, कातळूचं काय झालं ते पाहिलं ना? कोणी म्हणालं, सगळे मिळून साहेबांना सांगू या. आत्याने विचारलं, चिपळूने सांगितलं होतं, त्याचं काय झालं?

चिपळू म्हणाला, "आत्या, मी तोडणार नाही."

"का रे बाबा? परत येतं की ते."

"सगळ्यांनी तोडलं तर दादा जन्मापासून तसाच होता असं ठरेल. मग त्याने मला काय दिलं?"

आत्या त्याच्याजवळ सरकली. मग हलक्या आवाजात म्हणाली, "आम्हाला माहीत आहे ना त्याने काय दिलं."

"तुम्ही वहीत नाही आत्या."

आत्याने त्याचा नाद सोडला. असलं पोर प्रत्येक कड्यावर एखादं असतं, म्हणाली.

तपासणीच्या सकाळी सगळ्या पालींनी शेपटं टाकली. मुलांनो, ते दृश्य तुम्ही पाहायला हवं होतं. पूर्ण कड्यावर शेपटं नाचत होती. वरून खाली, खालून वर, एकमेकांत अडकून, जत्रेतल्यासारखी. दोन तर कड्यावरून उड्या मारून गेली. भारद्वाजाला कोणीतरी निरोप दिला असावा. तो आला आणि खात सुटला. पंचवीस-तीस झाल्यावर बसला. नंतर दोन दिवस तो कोणाला दिसला नाही, त्यामुळे त्या भागात कोणाचाच दिवस चांगला गेला नाही.

साळिंदरराव आले तेव्हा पाली रांगेत उभ्या होत्या. सगळ्या मागून काकडीसारख्या. ते एकेकीला बाटलीशी धरून तपासत पुढे सरकत होते आणि बरोबर, बरोबर, म्हणत होते. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं. एका नमुन्यावरून आपण लिहिलं ते अख्ख्या कड्याला लागू पडलं. मोजणीदाराला याहून मोठं सुख नसतं.

रांगेच्या टोकाला चिपळू होता. शेपटासकट.

साळिंदरराव थांबले. चिपळू म्हणाला, साहेब, बघा, पालीला शेपूट असतं. माझ्या दादाला असंच होतं.

साळिंदररावांनी त्याला बाटलीशी धरलं. रंग तोच. पोट तेच. बोटं तेवढीच. पण शेपूट. त्यांचे डोळे चमकले. सुगंधाबाईंना ते हळूच म्हणाले, "ही वेगळी जात आहे."

चिपळूला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. पण साळिंदररावांनी लेखणी उपटलीसुद्धा होती. एका कड्यावर दोन जाती. एक बिनशेपटी, एक शेपटी. शेजारच्या डोंगराचे नऊशे आता सहज मागे पडणार. फक्त नमुना हवा, ते म्हणाले, आणि त्यांनी चिपळूकडे अत्यंत सज्जनपणे पाहिलं. सुगंधाबाईंनी बाटली काढली. तिचं झाकण फिरवायला सुरुवात केली.

वरून आत्या ओरडली, "पोरा, पळ."

चिपळू पळाला नाही. त्याने विचारलं, ही बाटली कुठे ठेवणार. सुगंधाबाई म्हणाल्या, पहिलीच्या शेजारी, एकाच कड्यावरच्या जाती एका फळीवर ठेवतात. चिपळूने पहिल्या बाटलीकडे पाहिलं. आत दादा होता, नाक काचेला लागलेलं, काहीतरी सांगायला आल्यासारखा. चिपळू हलेना. सुगंधाबाईंनी हात पुढे केला.

मुलांनो, तेव्हा त्याच्या मनात काय आलं ते मला विचारू नका. मला एवढंच माहीत आहे की दादाने हातचं सगळं देऊन ज्याला वाचवलं होतं, तो बाटलीत गेला असता तर दादाचं मरण फुकट गेलं असतं. हे त्याला कळलं. जरा उशिरा कळलं, पण झाकण लागायच्या आत कळलं.

त्याने पाठ फिरवली. शेपूट डावीकडून उजवीकडे हलवलं, उजवीकडून डावीकडे हलवलं.

सुगंधाबाईंनी ते धरलं. त्याने सोडलं.

तो कपारीत गेला. त्यांच्या हातात शेपूट राहिलं, वळवळणारं. त्यांनी घाईघाईत ते बाटलीत टाकलं आणि झाकण लावलं. साळिंदरराव विचारात पडले. ते खोटं लिहिणारे नव्हते. समोर जे होतं तेच त्यांनी लिहिलं. जात दुसरी. लांबी एक बोट. डोकं नाही. पाय नाहीत. पोट दिसत नाही. शेपूट आहे. स्वभाव अत्यंत चपळ.

मग ते कपारीजवळ गेले आणि आत डोकावले. आत एक पाल बसली होती. शेपूट नव्हतं. त्यांनी तिला नमुन्याशी ताडून पाहिलं आणि म्हणाले, बरोबर. अशा तऱ्हेने चिपळूही वहीत आला, आणि त्याची जागा कायम झाली. तो अजून तिथेच राहतो. कपारीत वाऱ्याची बाजू मोकळी असते. तिथे तो झोपत नाही.

मोजणी संपली. नऊशे बारा जाती भरल्या. राजवाड्याच्या गुहेत फळ्या लावून सगळ्या बाटल्या मांडल्या आणि डोंगरावरच्या सगळ्यांना बघायला बोलावलं. साळिंदरराव स्वतः चिठ्ठ्या वाचून दाखवत होते.

पालींच्या फळीवर दोनच बाटल्या होत्या. एकीत पाल, तिला शेपूट नाही. दुसरीत शेपूट, त्याला पाल नाही. दोन्हींच्या मधे वीतभर जागा सोडली होती, जातींची सरमिसळ होऊ नये म्हणून. गर्दीच्या आधी चिपळू तिथे पोचला. दुसऱ्या बाटलीच्या मागे गेला, पाय दगडाला चिकटवले आणि डोक्याने रेटायला लागला. पालीच्या मानाने बाटली म्हणजे डोंगर. वानर पहाऱ्यावर होतं, पण ते त्या वेळी उरलेल्या बाटल्यांची पातळी तपासत होतं. बाटली केसभर सरकली. परत केसभर. काचेला काच लागली तेव्हा चिपळू थांबला आणि फळीखाली जाऊन बसला.

लोक आले. बघत बघत पुढे गेले. प्रत्येकाने चिठ्ठ्या वाचल्या आणि मान डोलावली.

शेवटी एक म्हातारी घोरपड आली. ती फळीपुढे थांबली आणि पुढे जाईना. साळिंदररावांनी विचारलं, आजी, काय बघता?

"ही पाल," घोरपड म्हणाली. "केवढं सुरेख शेपूट आहे हो हिला."

साळिंदरराव समजूतदारपणे हसले. आजी, ही बिनशेपटी पाल आहे, तुमची नजर चुकतेय, खाली चिठ्ठी आहे ती वाचा, म्हणाले.

घोरपडीने चिठ्ठीकडे पाहिलं. तिला वाचता येत नव्हतं. तिने पुन्हा पालीकडे पाहिलं आणि म्हणाली, "असेल बाबा. पण भरलेलं आहे. खाऊन पिऊन सुखी होता पोरगा."

फळीखाली कोणीतरी रडत होतं. साळिंदररावांनी वाकून पाहिलं, पण त्या आवाजाची नोंद करण्यासारखं तिथे काही सापडलं नाही.

तात्पर्य: भावासाठी शेपूट देऊ नये. द्यायचंच झालं तर आधी मोजणीदाराला बोलावून, त्याच्यासमोर द्यावं. आणि मरायच्या आधी आपले सगळे अवयव जागच्या जागी आहेत ना, हे एकदा मोजून घ्यावं. मागाहून भाऊ सांगत फिरेल, पण भावाचं कोणी लिहून घेत नाही.